मार्क मार्टिन: पाच वेळा दुसरा आलेला नास्कारचा दिग्गज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकन मोटार शर्यती आपल्याकडे फार कमी जण बघतात. फॉर्म्युला वनचे चाहते रविवारी रात्री जेवणं उरकून टीव्हीसमोर बसतात, पण नास्कारचं नाव काढलं की 'गोल गोल फिरतात ते?' एवढ्यावर विषय संपतो. त्या गोल गोल फिरण्यात ज्याने एकतीस हंगाम काढले, त्या मार्क मार्टिनविषयी हे प्रश्न. काही अगदी नवख्यांचे आहेत, काही आकडेवारीत मुरलेल्यांचे.

मार्क मार्टिन कोण?

९ जानेवारी १९५९ला आर्कान्सा राज्यातल्या बेट्सव्हिल या छोट्या गावात जन्मलेला अमेरिकन स्टॉक कार चालक. नास्कारच्या सर्वोच्च मालिकेत, म्हणजे कप मालिकेत, १९८१ ते २०१३ या काळात तो ८८२ शर्यती धावला. ४० जिंकल्या, ५६ वेळा पोल (म्हणजे शर्यत सगळ्यात पुढून सुरू करण्याचा मान) पटकावला, २७१ वेळा पहिल्या पाचात आणि ४५३ वेळा पहिल्या दहात आला. म्हणजे गाडी घेऊन उतरला की निम्म्याहून जास्त वेळा पहिल्या दहात. वर्षभराचं विजेतेपद मात्र एकदाही मिळालं नाही. पाच वेळा दुसरा आला. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण इथूनच सुरुवात करतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. ही त्याच्या गोष्टीची एकच बाजू झाली.

स्टॉक कार म्हणजे नेमकी कोणती गाडी?

नावावरून वाटतं की शोरूममधून आणलेली गाडी. १९४८ साली बिल फ्रान्स यांनी फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर नास्कारची घडी बसवली, तेव्हा खरंच तसं होतं. मार्टिनच्या काळात मात्र फोर्ड किंवा शेव्हरले हे फक्त वरच्या कवचापुरतं उरलं होतं. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा, सुमारे ५.८ लिटरचं व्ही-८ इंजिन, आणि साधारण दीड टनाचं धूड. चाकं झाकलेली, छप्पर असलेलं, त्यामुळे एकमेकांना घासत जाणं, मागून ढकलणं हा खेळाचाच भाग. फॉर्म्युला वनमध्ये तसं केलं तर पंख मोडून दोघंही बाहेर.

बहुतेक ट्रॅक लंबगोल असतात आणि डावीकडे वळतात. म्हणून सोपं वाटतं. पण ब्रिस्टलचा ट्रॅक जेमतेम ८५० मीटरचा, वाटीसारखा उतरता. टॅलाडेगाचा सव्वाचार किलोमीटरचा. एकाच माणसाला एका आठवड्यात कोपर मारत जागा काढायची आणि दुसऱ्या आठवड्यात ताशी ३०० किलोमीटरच्या घोळक्यात हातभर अंतरावरून गाडी न्यायची. उन्हाळ्यात गाडीच्या आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर जातं. हे तीन-चार तास, आणि वर्षाला ३६ रविवार.

तो या खेळात आला कसा?

वडिलांमुळे. ज्युलियन मार्टिन यांचा ट्रक वाहतुकीचा व्यवसाय होता आणि वेगाची हौस दांडगी. लहानग्या मार्कला मांडीवर बसवायचं, स्टिअरिंग त्याच्या हातात द्यायचं, आणि अ‍ॅक्सिलरेटर आपण दाबायचा, असा हा शिक्षणक्रम. आज कुणी केलं तर लोक व्हिडिओ काढून पोलिसांना पाठवतील.

पंधराव्या वर्षी, १९७४मध्ये, तो आर्कान्साच्या मातीच्या ट्रॅकवर उतरला. तिथून डांबरी ट्रॅकवर, आणि मग मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या एएसए मालिकेत. ही मालिका म्हणजे तेव्हाची तालीमच होती. रस्टी वॉलेस, अ‍ॅलन कुलविकी, डिक ट्रिकल असे एकाहून एक गडी तिथे घासून तयार झाले. मार्टिनने तिथलं विजेतेपद १९७८, १९७९ आणि १९८० असं सलग तीन वर्षं जिंकलं. शेवटचं जिंकलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

मग थेट यश मिळालं?

छे! सुरुवात झकास झाली. १९८१मध्ये स्वतःची गाडी घेऊन पाचच कप शर्यती केल्या आणि त्यात दोन पोल मिळवले, नॅशव्हिल आणि रिचमंडला. बावीस वर्षांचा पोरगा, घरची टीम. सगळ्यांना वाटलं, हा आता थांबत नाही.

१९८२मध्ये तो पूर्ण हंगाम धावला. गुणतक्त्यात चौदावा आला, पदार्पण करणाऱ्यांत जेफ बोडाइनच्या मागे दुसरा. (हो, तिथेही दुसराच.) पण स्वतःची टीम चालवणं म्हणजे इंजिनं, टायर, माणसं, प्रवास, आणि प्रायोजकाचा पैसा वेळेवर आला नाही तर सगळं आपल्या अंगावर. पैसा संपला, सामान विकावं लागलं. १९८३मध्ये तो जे. डी. स्टेसी यांच्या टीमकडून उतरला, डार्लिंग्टनला तिसरा आला, आणि तरीही सात शर्यतींनंतर त्याला काढून टाकलं. त्या वर्षी आणखी काही टीमकडून मिळेल ती गाडी चालवली, मग कप मालिकेतून गाशा गुंडाळला.

पुढची काही वर्षं तो पुन्हा एएसएत. वरच्या वर्गात जाऊन आलेल्या मुलाने परत खालच्या वर्गात बसायचं, तसलाच प्रकार. १९८६मध्ये त्याने चौथ्यांदा ती मालिका जिंकली. १९८७मध्ये नास्कारच्या दुसऱ्या फळीतल्या बुश मालिकेत फोर्ड चालवून तीन शर्यती जिंकल्या. त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा काळ कोणता, असं विचारलं तर मी ही मधली चार-पाच वर्षं सांगेन. पुढे तो प्रत्येक शर्यतीबद्दल जी धास्ती बाळगायचा, उद्या ही गाडी आपल्याकडे असेलच असं नाही या हिशेबाने जी तयारी करायचा, त्याचं मूळ तिथे आहे.

जॅक रौश यांच्याशी जोडी कशी जमली?

रौश हे इंजिनातले दर्दी, डोक्यावर कायम गोल टोपी. ड्रॅग शर्यती आणि रस्त्यांवरच्या शर्यतींत नाव कमावून १९८८मध्ये त्यांनी कप मालिकेत नवी टीम काढली. चालक म्हणून निवडलं मार्टिनला, जो वरच्या मालिकेतून एकदा फेकला गेला होता. गाडी क्रमांक ६, फोर्ड. नवी टीम आणि नव्याने उभा राहणारा चालक, दोघांनाही गमावण्यासारखं फार नव्हतं.

पहिला विजय २२ ऑक्टोबर १९८९ला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकिंगहॅमला आला. पदार्पणानंतर आठ वर्षांनी. त्यानंतर ही जोडी १९ हंगाम टिकली. व्यावसायिक मोटार शर्यतीत, जिथे तीन वर्षांत माणसं टीम बदलतात, तिथे हा संसारच म्हणायचा.

पाच वेळा दुसरा म्हणजे कधी कधी आणि कुणाच्या मागे?

१९९०मध्ये डेल अर्नहार्टच्या मागे २६ गुणांनी. १९९४मध्ये पुन्हा अर्नहार्टच्याच मागे, पण ४४४ गुणांनी. १९९८मध्ये जेफ गॉर्डनच्या मागे ३६४ गुणांनी. २००२मध्ये टोनी स्टुअर्टच्या मागे ३८ गुणांनी. आणि २००९मध्ये जिमी जॉन्सनच्या मागे १४१ गुणांनी.

नावं नीट बघा. अर्नहार्टची सात विजेतेपदं, जॉन्सनची सात, गॉर्डनची चार, स्टुअर्टची तीन. दोन दशकांत तीन पिढ्या बदलल्या, पहिल्या क्रमांकावरची माणसं बदलली, दुसऱ्या क्रमांकावर हाच.

आणि पाचही वर्षं सारखी नाहीत. १९९४मध्ये ४४४ गुणांचं अंतर म्हणजे लढत संपूनच गेली होती. तिथे 'थोडक्यात हुकलं' वगैरे म्हणणं उगाच. खरी हातातोंडाशी आलेली दोनच: १९९० आणि २००२. गंमत अशी की दोन्ही वर्षी त्याच्या टीमला तांत्रिक नियमभंगाबद्दल गुणांचा दंड झाला होता.

१९९०चा तो दंड नेमका काय होता?

यावर चाहते आजही भांडतात, त्यामुळे जरा सविस्तर.

२५ फेब्रुवारी १९९०ला, हंगामाच्या दुसऱ्याच शर्यतीत, मार्टिन रिचमंडला जिंकला. नंतरच्या तपासणीत कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) आणि त्याखालचा मॅनिफोल्ड (ते मिश्रण इंजिनात नेणारा भाग) यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती ठरलेल्या जाडीपेक्षा अर्धा इंच जास्त निघाली. टीमचं म्हणणं असं की हाच जास्तीचा तुकडा बोल्टने न बसवता मॅनिफोल्डला वेल्ड केला असता तर नियमात बसला असता, आणि गाडीच्या वेगात काडीचाही फरक पडला नसता. नास्कारने विजय काढून घेतला नाही. पण ४० हजार डॉलर दंड केला आणि ४६ गुण कापले. जिंकल्याचे १८० गुण होते, ते १३४ झाले, म्हणजे दहाव्या क्रमांकाला मिळतात तेवढे.

हंगामाअखेर अर्नहार्ट ४,४३०, मार्टिन ४,४०४. फरक २६चा. चौथीतलं मूलही सांगेल की ते ४६ परत दिले तर मार्टिन २० गुणांनी विजेता.

म्हणजे त्याचं विजेतेपद नास्कारने हिरावलं?

माझं मत: नाही. वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

एक तर तो दंड फेब्रुवारीत झाला. पुढे २७ शर्यती बाकी होत्या, आणि आपण ४६ गुण मागे आहोत हे टीमला माहीत होतं. उलट शरदात मार्टिन आघाडीवर होता. शेवटून दुसऱ्या शर्यतीला, फिनिक्सला, तो ४५ गुण पुढे होता. तिथे अर्नहार्टने शर्यत अक्षरशः खिशात घातली आणि मार्टिन दहावा आला. एका दुपारीत ४५ची आघाडी जाऊन ६ची पिछाडी झाली. शेवटच्या अटलांटाच्या शर्यतीसाठी रौश टीमने आपली गाडी बाजूला ठेवून रॉबर्ट येट्स यांच्याकडून उसनी गाडी आणली. परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याचा चष्मा लावण्यातला प्रकार. मार्टिन सहावा, अर्नहार्ट तिसरा, खेळ खलास.

दुसरं असं की त्या वर्षी अर्नहार्टने ९ शर्यती जिंकल्या आणि मार्टिनने ३. शिवाय हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत, डेटोना ५००मध्ये, अर्नहार्ट शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना त्याचा टायर फाटला आणि तो पाचवा आला. हातचे गुण त्यानेही घालवले होते. आपल्या आवडत्या खेळाडूचेच तेवढे 'जर-तर' मोजायचे, ही सवय क्रिकेटवाल्यांची तशी इथल्या चाहत्यांचीही.

दंड कठोर होता का? होता. पण विजेतेपद फिनिक्सला गेलं, रिचमंडला नाही.

आणि २००२चा?

तिथे नोव्हेंबरमध्ये, रॉकिंगहॅमच्या शर्यतीनंतर पुढची डावी स्प्रिंग नियमात बसत नाही म्हणून २५ गुण कापले. अंतिम फरक ३८. म्हणजे ते २५ परत मिळाले असते तरी १३ कमीच पडले असते. यावर कुणी भांडत नाही.

त्याचा सर्वोत्तम हंगाम कोणता?

आकडे पाहिले तर १९९८. सात विजय: लास व्हेगासच्या नव्या ट्रॅकवरची पहिलीवहिली कप शर्यत, मग टेक्सास, कॅलिफोर्निया, मिशिगन, ब्रिस्टल, डोव्हर आणि शार्लट. एरवी सात विजयांत विजेतेपद घरी येतं. पण त्या वर्षी जेफ गॉर्डनने तेरा जिंकल्या. गॉर्डन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याची टीम अशा लयीत होती की बाकीचे चालक तेहतीस आठवडे केवळ हजेरी लावत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्टिनचे वडील ज्युलियन, सावत्र आई आणि सावत्र बहीण नेव्हाडात विमान अपघातात गेले. ज्युलियन स्वतः विमान चालवत होते. दोनच आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, ब्रिस्टलच्या रात्रीच्या शर्यतीत मार्टिन जिंकला आणि तो विजय त्याने वडिलांना वाहिला. ब्रिस्टलला ५०० फेऱ्या असतात, एक फेरी पंधरा-सोळा सेकंदांची, आणि सरळ हात ठेवायला क्षणभराची उसंत नाही. त्या मनःस्थितीत तिथे जिंकणं म्हणजे काय, ते ज्याने एकदा ती शर्यत बघितली आहे त्याला कळेल.

१९९३ही विसरू नका. त्या ऑगस्टमध्ये वॉटकिन्स ग्लेन, मिशिगन, ब्रिस्टल आणि मग डार्लिंग्टन अशा सलग चार शर्यती त्याने जिंकल्या. एक डावी-उजवी वळणं असलेला रस्त्यासारखा ट्रॅक, एक दोन मैलांचा वेगवान, एक ती वाटी, आणि एक अंड्यासारखा वाकडा जुना ट्रॅक. चार आठवड्यांत चार वेगळी शास्त्रं.

तो वेगवान होता की फक्त सातत्यवाला?

दोन्ही, आणि याचा पुरावा आहे. १० मे १९९७ला टॅलाडेगाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत एकदाही पिवळा झेंडा (अपघात वगैरे झाला की सगळ्यांना वेग कमी करायला लावणारा) निघाला नाही. मार्टिन ताशी १८८.३५४ मैल, म्हणजे ३०३ किलोमीटरच्या सरासरीने जिंकला. सरासरी! पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठी, थांबलेला वेळ धरून. नास्कारच्या इतिहासातली ती सर्वात वेगवान शर्यत.

पण मला विचाराल तर त्याचं पाणी जोखायला आयरॉक मालिका बघावी. त्यात वेगवेगळ्या मालिकांतले नामांकित चालक बोलावून सगळ्यांना एकसारख्या तयार केलेल्या गाड्या देत. टीमचा पैसा, इंजिनातली हुशारी, डावपेच ठरवणाऱ्या क्रू चीफचं डोकं, सगळं बाद. तिथे मार्टिन पाच वेळा विजेता ठरला: १९९४, १९९६, १९९७, १९९८ आणि २००५. इतकी विजेतेपदं दुसऱ्या कुणालाही जमली नाहीत. ज्या अर्नहार्टच्या मागे तो कप मालिकेत दुसरा यायचा, तोही याच गाड्यांमध्ये त्याच्याविरुद्ध धावत होता.

डेटोना ५०० कधी जिंकली का?

नाही. आणि २००७चा शेवट ज्याने पाहिला तो अजून हळहळतो.

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा मार्टिन पुढे होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, रौश सोडून नव्या जिन टीममध्ये आलेला. बाहेरच्या बाजूने केव्हिन हार्विक मागच्यांचा धक्का घेत सुसाट आला. शेवटच्या वळणातून बाहेर पडताना दोघं जोडीने होते आणि मागे गाड्यांचा चुराडा सुरू झाला होता. क्लिंट बॉयरची गाडी उलटी, पेटलेली अशीच रेषेपार घसरत गेली. पिवळा झेंडा त्या क्षणी निघाला असता तर मार्टिन जिंकला असता, असं अनेकांचं म्हणणं. झेंडा निघाला नाही. हार्विक ०.०२० सेकंदांनी पुढे.

शर्यतीनंतर आरडाओरडा करण्याचा हक्क कुणाला असेल तर त्याला होता. त्याने केला नाही. लोक त्याला 'सज्जन चालक' म्हणतात ते अशा प्रसंगांमुळे, आणि शर्यतीच्या सुरुवातीला मागून वेगवान गाडी आली तर उगाच अडवत न बसता वाट द्यायची, या त्याच्या सवयीमुळे. मात्र सज्जन म्हणजे मवाळ नव्हे. शेवटच्या वीस फेऱ्यांत त्याच्याकडून कुणाला फुकट काही मिळाल्याचं ऐकिवात नाही.

शर्यत जिंकत असताना तो चुकून पिटमध्ये गेला होता, हे खरं का?

खरं. एप्रिल १९९४, ब्रिस्टल, बुश मालिका. पिवळ्या झेंड्याखाली शर्यत संपत होती, ओव्हरटेक करायला बंदी, मार्टिन सगळ्यात पुढे. त्याला वाटलं झाली शर्यत, आणि गाडी वळवून आत नेली. अजून एक फेरी बाकी होती! मागचा डेव्हिड ग्रीन सरळ पुढे गेला आणि विजेता ठरला. त्या मालिकेत मार्टिनने एकूण ४९ शर्यती जिंकल्या, आणि हा विक्रम २०११पर्यंत टिकला. मग काइल बुशने तो मोडला. पन्नासावी त्याने स्वतःच्या हाताने सोडून दिली होती, असं म्हणायला हरकत नाही.

तो किती वेळा निवृत्त झाला?

चाहत्यांचा आवडता विनोद. २००५ हा शेवटचा पूर्ण हंगाम असं जाहीर झालं, निरोपाचा दौराच निघाला, ट्रॅकोट्रॅकी सत्कार. पण रौश यांना क्रमांक ६साठी योग्य माणूस मिळेना, म्हणून २००६मध्ये आणखी एक वर्ष. २००७मध्ये जिन टीमकडून निवडक शर्यती. तिथे पहिल्या काही आठवड्यांनंतर तो चक्क गुणतक्त्यात पहिला होता, आणि ठरल्याप्रमाणे ब्रिस्टलची शर्यत सोडून घरी बसला! आयुष्यभर ज्या जागेसाठी धडपडला ती जागा सोडून. लोकांनी कपाळावर हात मारला. मला त्यात त्याचा सगळ्यात मोकळा निर्णय दिसतो. पूर्ण हंगामाच्या ओझ्याने तो पिचला होता, तेच नको म्हणून तर तो बाहेर पडला होता.

हंगामाच्या मध्यावर ती टीम डेल अर्नहार्ट इन्कॉर्पोरेटेडमध्ये विलीन झाली, २००८मध्येही तो तिथे अर्धवेळ धावला. आणि मग रिक हेंड्रिक यांचा फोन.

पन्नाशीत शर्यती जिंकल्या त्या याच टीमकडून?

होय. हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स, गाडी क्रमांक ५, शेव्हरले, क्रू चीफ अ‍ॅलन गुस्टाफसन. पूर्ण हंगाम.

एप्रिल २००९मध्ये फिनिक्सला तो जिंकला. ९७ शर्यतींचा दुष्काळ संपला. पन्नाशीनंतर कप शर्यत जिंकणारा तो चौथा चालक. आधीचे तिघे बॉबी अ‍ॅलिसन, हॅरी गँट आणि मॉर्गन शेपर्ड. त्या दिवशी प्रतिस्पर्धी टीमची माणसंही पिटच्या वाटेवर येऊन त्याच्या हातावर टाळी देत होती. मे महिन्यात डार्लिंग्टनची सदर्न ५००, जी त्याने आधी १९९३मध्ये जिंकली होती. जूनमध्ये मिशिगन, तिथे पुढे असलेल्या जॉन्सन आणि ग्रेग बिफल या चालकांचं इंधन शेवटच्या क्षणी संपलं. जुलैत शिकागो.

तेव्हा नियम बदलले होते. २६ शर्यतींनंतर पहिल्या बारांचे गुण नव्याने मांडून शेवटच्या दहा शर्यतींत फैसला व्हायचा. चार विजयांमुळे मार्टिन त्या बारांत अव्वल मानांकित होता, आणि दहातली पहिलीच, न्यू हॅम्पशायरची, शर्यतही त्यानेच जिंकली. पण त्याच कंपनीच्या पलीकडच्या गॅरेजमध्ये जिमी जॉन्सन सलग चौथ्या विजेतेपदाच्या वाटेवर होता. मार्टिन पाचव्यांदा दुसरा.

न्यू हॅम्पशायरचा विजय हा त्याचा चाळिसावा आणि शेवटचा.

या वयात शरीर साथ कसं देत होतं?

बुटका, सडपातळ माणूस, पण व्यायामाचं वेड. पहाटे उठून वजनं उचलायची, खाण्यावर कडक लक्ष. नव्वदच्या दशकात बरेच चालक फिटनेसला हसत. 'बसून तर चालवायचं' ही वृत्ती. पुढच्या पिढीत प्रत्येकाकडे व्यायाम प्रशिक्षक आला, त्यात मार्टिनचा वाटा मोठा. हे शौक म्हणून नव्हतं. पाठीचं दुखणं जुनं, १९९९च्या हंगामानंतर मणक्याची शस्त्रक्रिया झाली. आणि याच माणसाला रॅप संगीताची जबर आवड, हे कळल्यावर त्याचे निम्मे चाहते चक्रावले होते.

व्हायग्राची जाहिरात गाडीवर खरंच होती?

होती, २००१पासून २००५पर्यंत, गाडीच्या बॉनेटवर ठसठशीत. टिंगल व्हायची तेवढी झाली. प्रायोजकाशिवाय टीम कशी बुडते हे १९८२मध्ये अनुभवलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नसावं.

शेवट कसा झाला?

२०१२ आणि २०१३मध्ये मायकल वॉल्ट्रिप यांच्या टीमकडून अर्धवेळ. ऑगस्ट २०१२मध्ये मिशिगनला त्याची गाडी फिरून पिटच्या भिंतीच्या उघड्या टोकावर आदळली आणि ते टोक चालकाच्या आसनाच्या मागे गाडीत घुसलं. थोडं पुढे घुसतं तर काय, हा विचार नको. तो चालत बाहेर आला. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर, चौपन्नाव्या वर्षी, अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना तो आघाडीवर होता आणि इंधन संपलं. त्यानंतर पाय मोडलेल्या टोनी स्टुअर्टच्या जागी त्याची क्रमांक १४ची गाडी चालवली. नोव्हेंबर २०१३मध्ये होमस्टेडला शेवटची शर्यत. यानंतर मात्र परतला नाही. २०१७मध्ये शार्लटच्या नास्कार हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याच तुकडीत रिक हेंड्रिकही होते. बेट्सव्हिलला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे जुन्या गाड्या बघायला मिळतात.

नास्कारमध्ये कुणी भारतीय धावला आहे का?

कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन, २०१०मध्ये, ट्रक मालिकेत. त्या वर्षीचा त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून चाहत्यांनी त्याला निवडलं. मार्टिननेही ट्रक मालिकेत ७ शर्यती जिंकल्या आहेत, पण दोघांचा काळ वेगळा.

नवख्याने त्याची कोणती शर्यत आधी बघावी?

बहुतेक जण डेटोना २००७ सुचवतात. मी सुचवणार नाही, कारण ती बघून तो म्हणजे दुर्दैव एवढंच लक्षात राहतं. आधी १९९३ची ब्रिस्टल बघा, मग टॅलाडेगा १९९७. ती पूर्ण बघायला अडीच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, कारण मध्ये ती थांबतच नाही. चहा आधीच करून ठेवा. त्यानंतर फिनिक्स २००९, तीही शेवटच्या झेंड्याला बंद न करता पुढची पाच मिनिटं चालू ठेवून. डेटोना त्या सगळ्यानंतर.